सुईची दोन माहेरे

यशवंतपूर हे नाव मराठी कानाला इतके घरचे वाटते की, बदलीचा हुकूम घेऊन बंगळुरात प्रथमच उतरणारा आपला माणूस फलाटावरील पाटी पाहून क्षणभर थबकतो. ही आपुलकी फार वेळ टिकत नाही. स्थानकाबाहेर पडले की कन्नड पाट्यांचे राज्य सुरू होते. तरी काही गोष्टी ओळखीच्याच असतात. इथल्या बाजार आवारात कांद्या-बटाट्याची पोती उतरतात, त्यांत आपल्या मुलखातला कांदाही असतो, आणि ज्या पाठींवरून ही पोती उतरतात त्या पाठींचे दुखणे लासलगावच्या हमालाच्या पाठीहून निराळे नसते. पलीकडे पीण्याच्या कारखान्यांत दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्यांच्या माना आणि खांदे; आणि आपल्याला वगळून कसे चालेल, सरकारी खुर्चीत वर्षानुवर्षे बसून आखडलेल्या कमरा. ह्या सर्वांना आसरा देणारे भौतिकोपचाराचे दवाखाने शहराच्या ह्या भागात जागोजाग झाले आहेत. त्यांच्या पाट्या वाचण्यासारख्या असतात. ‘फिजिओथेरपी’ ह्या ठळक अक्षरांखाली शेक, कर्षण, विजेचे उपचार, व्यायाम अशी यादी असते, आणि अलीकडे त्या यादीत आणखी दोन नावे आढळू लागली आहेत: एक ‘ॲक्युपंक्चर’ आणि दुसरे ‘ड्राय नीडलिंग’, म्हणजे कोरडी सुई.

दोन्ही उपचारांत रुग्णाच्या अंगात शिरते ती सुई एकाच जातीची: भरीव, बारीक, जिच्यातून कोणतेही औषध जात नाही अशी. मग एकाच सुईला दोन नावे का? ह्या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात थोडे आणि इतिहासात पुष्कळ आहे. सुईला दोन माहेरे आहेत, आणि त्यांतल्या एका माहेराशी सोलापूरचे नाव, काहीशा गैरसमजातून, कायमचे जोडले गेले आहे.

पहिले माहेर अर्थातच चीन. चिनी विद्या म्हटली की पाच हजार वर्षांची भाषा सुरू होते. परंतु पुरावा इतका उदार नाही. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेले आणि १९७३ साली उघडलेले मावांगद्वी येथील थडगे ह्या बाबतीत फार बोलके आहे. त्यातील रेशमी वस्त्रांवर लिहिलेल्या वैद्यकीय ग्रंथांत शरीरातील वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांवर जडीबुटी जाळून शेक देण्याची रीत आहे; सुई टोचण्याची मात्र नाही. सुईची पद्धतशीर चर्चा येते ती ‘पीत सम्राटाची अंतःसंहिता’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात, आणि तो त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत सिद्ध झाला असे अभ्यासक मानतात. त्यातल्या नऊ प्रकारच्या सुयांपैकी काही तर आज आपण ज्याला नश्तर म्हणू अशा आहेत. रक्त काढणे, गळू फोडणे ही कामेही त्या करीत. एक हजार वर्षांनंतर, १०२७ साली, सुंग राजवटीत वांग वै-यी नावाच्या वैद्याने माणसाच्या आकाराचे ब्राँझचे पुतळे करवून घेतले. त्यांच्या अंगावर टोचण्याच्या बिंदूंची भोके होती. पुतळ्यावर मेण चढवून आत पाणी भरीत आणि विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागी बसली तर पाणी बाहेर येई, असे सांगतात. परीक्षेचा इतका निःपक्षपाती मार्ग आपल्या विद्यापीठांना अद्याप सापडलेला नाही.

पुढे मात्र ह्या विद्येला स्वदेशातच उतरती कळा लागली. १८२२ साली ताओक्वांग बादशहाने राजवैद्यांच्या विद्यालयातून सुई आणि शेक ह्यांचा विभागच काढून टाकविला. सम्राटाच्या देहाला सुई टोचणे शिष्टसंमत नव्हे, असे कारण पुढे आले. १९२९ साली चिनी प्रजासत्ताकाच्या आरोग्य मंडळासमोर एकूण देशी वैद्यकच बंद करावे असा ठराव आला होता. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी सुई गावोगावच्या वैदूंच्या हाती उरली होती. तिला तिथून उचलून आधुनिक रूप देणाऱ्यांत छंग तान-आन हा एक. त्याने बिंदूंच्या जागा शरीररचनाशास्त्राच्या आधारे नव्याने आखल्या, रक्तवाहिन्या टाळल्या आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. दुसरी व्यक्ती चू ल्येन ही डॉक्टरीण. साम्यवाद्यांच्या येनान येथील तळावर ती सुईचे काम शिकली, आणि १९५१ साली तिने जो ग्रंथ लिहिला त्याचे नावच ‘नवे सूचिशास्त्र’ असे आहे. त्यात प्राणशक्तीच्या प्रवाहांपेक्षा मज्जासंस्थेची भाषा अधिक आहे. आज ज्याला आपण प्राचीन चिनी उपचार म्हणून नमस्कार करतो, त्याची घडण बरीचशी आपल्या आजोबांच्या काळातली आहे.

इथे एका स्वदेशी दाव्याचाही समाचार घेतला पाहिजे. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली, आणि तीच चिन्यांनी उचलून सुईचे बिंदू केले, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. सुश्रुत वाचणाऱ्याला हे पटणे कठीण आहे. त्याची मर्मे ही शस्त्रवैद्याने जपायची स्थाने आहेत. तिथे इजा झाली तर वैकल्य येते किंवा प्राण जातो. चिनी बिंदू टोचण्यासाठी आहेत, सुश्रुताची मर्मे न टोचण्यासाठी. उपचार म्हणून देहाला डाग देणे आपल्या खेड्यापाड्यांत होते आणि चिनी लोकही जडीबुटी जाळून शेक देत. एवढे साम्य खरे. त्यापलीकडे जाण्यास आधार नाही.

आता सोलापूरकडे वळू. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू ते ह्यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी १९३८ मध्ये निधीसाठी देशाला आवाहन केले. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि दोघे आपले, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. उतारवयात त्यांनी हा मार्ग पत्करला, आणि तरीही त्यांचे नाव आज कोणाला आठवत नाही. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात ते वैद्यक शिकले होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

पुढील कथा मराठी वाचकास परिचित आहे. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने ती घरोघर नेली. उत्तर चीनच्या आघाडीवर केलेल्या शस्त्रक्रिया, कॅनडाचे डॉ. बेथ्यून ह्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद, क्वो छिंग-लान ह्या परिचारिकेशी विवाह, मुलाचा जन्म, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. कोटणीस हे रणभूमीवरचे शल्यवैद्य होते. सुईशी त्यांचा संबंध जखम शिवण्यापुरता. येनानच्या रुग्णालयात सूचिचिकित्सेला रीतसर स्थान मिळाले ते १९४५ च्या सुमारास, म्हणजे कोटणीस गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तरीही आज लुधियान्यात त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे, बंगालमध्ये त्यांच्या स्मारक समितीच्या छत्राखाली सुईचे दवाखाने चालत आले, आणि कोटणिसांनी ही विद्या भारतात आणली असे सुशिक्षित माणसेही सांगतात. जो परत आलाच नाही तो काय आणणार?

ती विद्या आणली डॉ. बसूंनी. पथकातून ते १९४३ साली भारतात परतले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन त्यांनी सुईचे शिक्षण घेतले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपयोग सुरू केला. भारतातील ॲक्युपंक्चरचा आरंभ तो. मित्राचे नाव त्यांनी ह्या कामाला जोडले ह्यात बसूंचा मोठेपणा आहे. परंतु त्यामुळे इतिहासात बसू मागे पडले आणि कोटणिसांच्या पदरी न केलेले काम पडले. सोलापूरच्या सुपुत्राची थोरवी एवढी भक्कम आहे की तिला उसन्या सुईचा टेकू नको. आरंभानंतर तीनच वर्षांत, १९६२ साली, युद्ध झाले. ज्या देशाशी गोळीबार चालू आहे तिथली विद्या शिकायला कोण जाणार, आणि शिकलेली उजळ माथ्याने कोण सांगणार? कलकत्त्याचे ते रोप मोठ्या कष्टाने जगले.

ह्याच काळात मुंबईत दुसऱ्याच एका विद्येचा पाया घातला जात होता. १९५२ मध्ये मुंबईत बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, मोठी साथ आली. पाय लुळे पडलेल्या मुलांना नुसत्या औषधाने उभे करता येत नाही. कोणीतरी शिकलेल्या माणसाने त्यांच्याकडून रोज, महिनोन्महिने, हालचाली करून घ्याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका ह्यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात १९५२-५३ मध्ये भौतिकोपचाराचा विभाग आणि शाळा सुरू झाली. देशातले असे हे पहिलेच शिक्षण. १९५५ साली भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. योग असा की, कोटणीस ज्या महाविद्यालयात शिकले त्याचेच हे केईएम रुग्णालय. पण परळच्या त्या शाळेत व्यायाम, मालीश, शेक आणि वीज होती, सुई नव्हती. कलकत्त्याची सुई आणि परळचा व्यायाम पुढची कित्येक वर्षे एकमेकांना अनोळखीच राहिले. त्यांची गाठ पडली ती पश्चिमेला वळसा घालून, आणि त्या वळशातच सुईचे दुसरे माहेर आहे.

पश्चिमेला सुईची बातमी जुनी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर तेन ऱ्हायने ह्याने जपानमधील वास्तव्यात ती पाहिली आणि १६८३ साली लंडनला छापलेल्या लॅटिन ग्रंथात ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्दच घडविला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडमध्ये तिची काही काळ चलती झाली. विल्यम ऑस्लर हे तर आधुनिक वैद्यकाचे आचार्य; १८९२ च्या आपल्या प्रख्यात पाठ्यपुस्तकात कंबर धरली असता दुखऱ्या स्नायूतच सुई खुपसावी, बायकांच्या टोपीच्या लांब सुया निर्जंतुक करून वापरल्या तरी चालतील, असा सल्ला ते बिनदिक्कत देतात. वाहिन्या, प्राणशक्ती, बिंदूंचे नकाशे ह्यांचा तिथे पत्ताच नाही.

खरी कलाटणी मिळाली ती १९३८ साली. मुंबईहून ते पथक निघाले तेच साल. लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून वेदना कोठे उमटते ह्याची टिपणे प्रसिद्ध केली. टोचावे एका जागी आणि दुखावे भलतीकडेच, असा अनुभव वारंवार आला. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल ह्या विदुषीने हा धागा पकडला. पुढे अध्यक्ष केनेडींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या त्या ह्याच. स्नायूत दोरीसारखी ताठ गाठ, तिच्यात एक अतिसंवेदनशील ठिकाण, ते दाबले की दूरवर जाणारी कळ. त्या ठिकाणी भूल देणारे औषध टोचले की कळ थांबते, असे ट्रॅव्हेलबाई १९४२ पासून सांगू लागल्या. १९७९ साली प्रागच्या कारेल लेविट ह्यांनी ह्याच्याही पुढची गोष्ट दाखविली. कळ थांबण्याचे श्रेय औषधाला फारसे नाही. सुई नेमक्या ठिकाणी गेली की कोरडी असली तरी काम होते. ‘ड्राय नीडलिंग’चा जन्म असा झाला. औषधाच्या पिचकारीतून औषध वजा केले आणि सुई शिल्लक राहिली.

म्हणजे पूर्वेकडची सुई बिंदूंच्या नकाशावरून स्नायूत उतरली, आणि पश्चिमेकडची सुई स्नायू चाचपडत चाचपडत बिंदूंपाशी पोहोचली. दोन्ही कितपत जुळतात ह्याची तपासणी १९७७ साली वेदनाशास्त्रज्ञ मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा शंभरातली ७१ ठिकाणे जुळतात असा निष्कर्ष त्यांनी काढला. चिनी बिंदूंची संख्या इतकी मोठी आहे की कोठेही बोट ठेवले तरी जवळपास एखादा सापडतोच, हा त्यावरचा आक्षेपही वजनदार आहे. खांद्याच्या वरच्या कडेवर, मान आणि खांद्याचे टोक ह्यांच्या मधोमध, एक चिनी बिंदू आहे. ज्याची मान दिवसभर टेबलावर झुकलेली असते त्याने तिथे अंगठा दाबून पाहावा. पाश्चात्त्य भौतिकोपचारकाला तिथेच ट्रॅव्हेलबाईंची गाठ लागते. आणि त्या ठिकाणाखाली थोड्याच अंतरावर फुप्फुसाचे टोक असते, हे दोघांनीही विसरून चालत नाही.

दरम्यान १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन ह्यांचे अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढले गेले. सुईच्या गुंगीत शस्त्रक्रिया झाली अशी आख्यायिका त्यातून जगभर पसरली. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे औषध देऊनच झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थता घालविण्यासाठी. रेस्टन ह्यांनी स्वतः हे स्पष्ट लिहिले होते, पण आख्यायिका लेखकाचे ऐकत नाहीत. पुढल्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि पश्चिमेत सुईची लाट आली. शास्त्रज्ञांनाही तिच्याकडे पाहावे लागले. वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातील एका फाटकापाशी अडविता येतो, ही मेलझॅक आणि वॉल ह्यांची उपपत्ती १९६५ पासून होतीच; १९७५ मध्ये मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो असा शोध लागला, आणि लगोलग, अफूचा परिणाम उतरविणारे औषध दिले की सुईने मिळालेला आरामही ओसरतो, असे प्रयोगांत दिसून आले. पेकिंगच्या हान ची-शंग ह्यांनी तर सुईला विजेची जोड देऊन, सेकंदाला दोन ठोके आणि शंभर ठोके ह्यांनी वेगवेगळी द्रव्ये स्रवतात इथपर्यंत मजल मारली. प्राणशक्ती मागे पडली, मज्जारज्जू पुढे आला. आता भौतिकोपचारकाला सुई हाती धरण्यात संकोच उरला नाही. ब्रिटनमध्ये १९८४ साली सुई वापरणाऱ्या भौतिकोपचारकांची स्वतंत्र संघटनाच निघाली.

ह्या हातात सुईचे काम काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. खांदा जखडलेला मनुष्य येतो. हात वर जात नाही. भौतिकोपचारक प्रथम त्याच्या हालचाली मोजतो, कोणता स्नायू ताठ आहे, कोणता दुबळा आहे हे पाहतो. मग सुमारे पाव मिलीमीटर जाडीची सुई नळीतून टिचकी मारून आत सरकवितो. टोचल्याचे दुःख जवळजवळ नसते; थोडे खोल गेल्यावर मात्र जडपणा, बोथट कळ, मुंग्या असे काहीतरी जाणवते. चिनी वैद्य ह्या जाणिवेला फार महत्त्व देतात. कोरड्या सुईच्या पद्धतीत स्नायू क्षणभर माशासारखा फडफडतो आणि सुई लगेच निघते. चिनी धाटणीत सुया वीसेक मिनिटे तशाच राहतात, कधी त्यांना वीज जोडतात. इथवर दोन घराणी वेगळी. त्यानंतरचा भाग दोघांचा एकच असला पाहिजे. सुया निघाल्यावर दुखणे काही काळ उतरते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की शेतकरी कोळपणी उरकून घेतो, तशी ही उघडीप व्यायामासाठी वापरायची असते. एरवी जी हालचाल वेदनेमुळे करताच येत नव्हती ती ह्या वेळात करून घ्यायची, स्नायू ताणायचा, बळकट करायचा. उघडिपीत जो नुसता झोपून राहतो त्याच्या शेतात तणच माजणार.

हे रूपक मला प्रिय आहे. म्हणून ते कसोटीला किती उतरते हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३५२ रुग्णांवर भौतिकोपचार केंद्रांतून एक चाचणी झाली. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. काहींना केवळ सल्ला आणि व्यायाम, काहींना त्यासोबत खरी सुई, आणि काहींना कातडीत न शिरणारी खोटी सुई. सहा महिन्यांनी तिन्ही गटांत मोठासा फरक नव्हता. वेदनेच्या तीव्रतेत जो थोडा लाभ दिसला तो खऱ्या सुईइतकाच खोट्या सुईनेही दिला. त्याच वर्षी जर्मनीतील ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांचा वृत्तांत आला. सहा महिन्यांनी खऱ्या सुईने ४७.६ टक्के लोक सुधारले, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुईने ४४.२ टक्के, आणि औषधे, भौतिकोपचार, व्यायाम ह्या नेहमीच्या उपायांनी २७.४ टक्के. म्हणजे सुई नेहमीच्या उपायांहून सरस, पण नेमक्या बिंदूचे माहात्म्य जवळजवळ शून्य! ब्राँझच्या पुतळ्यातून पाणी काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ऐकले असते तर काय म्हटले असते कोण जाणे. २०१२ साली २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तिचा सारांश अभ्यासकांनी एका उदाहरणाने दिला आहे. आरंभी वेदना शंभरात ६० असेल तर सुईवाचून ती ४३ वर येते, खोट्या सुईने ३५ वर आणि खऱ्या सुईने ३० वर. खऱ्या-खोट्यातले अंतर पाचाचे. सुई आणि सुईचा अभाव ह्यांतले तेराचे.

ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शक संस्थेची ह्या आकड्यांपुढे कशी तारांबळ उडाली पाहा. २००९ साली तिने कंबरदुखीला सुईची शिफारस केली, २०१६ साली ती काढून घेतली, आणि २०२१ साली कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी सुई, चिनी असो वा कोरडी, पुन्हा विचारात घ्यावी असे सांगितले. माझ्या मते ह्यात हास्यास्पद काही नाही. उपयोग आहे पण माफक आहे. त्यातला बराच भाग स्पर्श, विश्वास आणि वेळ देणारा माणूस ह्यांचा आहे. पाठ दुखणाऱ्याला एवढेही कमी नसते. आक्षेपार्ह आहे ती पाटीवरची भाषा, जिथे सुई पक्षाघातापासून मधुमेहापर्यंत सर्व काही बरे करते. १९७९ साली पेकिंगच्या परिसंवादानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ४३ रोगांची यादी प्रसिद्ध झाली. ती आजही दवाखान्यांच्या भिंतींवर चौकटीत दिसते. ती यादी वैद्यांच्या अनुभवावर आधारलेली होती, काटेकोर चाचण्यांवर नव्हे, हे त्या चौकटीत लिहिलेले नसते.

धोकाही लहान म्हणून दुर्लक्षिण्याजोगा नाही. खांद्यावर किंवा बरगड्यांवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला छिद्र पाडू शकते. एकाच्या अंगातली सुई दुसऱ्याच्या अंगात गेली तर काविळीचा विषाणू जातो. म्हणून प्रत्येक वेळी नवी सुई, आणि पुडा रुग्णासमोर फोडायचा, हा नियम झाला. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने आणि हृदयात विद्युत्-यंत्र बसविलेल्याने आधी सांगितलेच पाहिजे. आपल्या देशात आणखी एक भीती आहे. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन असेल तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. सुईने त्याची कळ आठवडाभर दबेलही. मणका तोवर ढासळत राहील.

मग सुई कोणी धरावी? केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली, आणि नोंदणीकृत वैद्यांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी तो करावा असे म्हटले. बंगालने बसूंच्या पुण्याईने असेल, १९९६ सालीच स्वतंत्र कायदा केला होता; महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. कर्नाटकात सुईला तिसरे दार निसर्गोपचाराचे मिळाले. उजिरे येथील महाविद्यालयात १९८९ पासून शिकविल्या जाणाऱ्या निसर्गोपचार आणि योग ह्या पदवीच्या विद्यार्थ्यांना सुईचीही ओळख होते, आणि यशवंतपुराहून तुमकूर रस्त्याने बाहेर पडले की लागणाऱ्या जिंदाल यांच्या निसर्गोपचार संस्थेत ॲक्युपंक्चर आणि भौतिकोपचार एकाच आवारात नांदतात. भौतिकोपचारकांसाठी २०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. ‘ड्राय नीडलिंग’ ह्या नव्या नावाचे इंगित मात्र काही अंशी कायद्यातच आहे. अमेरिकेत ॲक्युपंक्चरला परवाना लागतो. कोरडी सुई म्हणजे ॲक्युपंक्चर नव्हेच, असे म्हटले की भौतिकोपचारकाला परवान्यावाचून ती वापरता येते. काही राज्यांनी हा युक्तिवाद मान्य केला, कॅलिफोर्नियासारख्यांनी नाकारला. सुईवाले वैद्य म्हणतात, आमची विद्या चोरली. भौतिकोपचारक म्हणतात, आम्ही ती ट्रॅव्हेलबाईंकडून घेतली. दोघेही आपापल्या माहेराची शपथ घेतात.

आपल्याकडे ‘योग्य प्रशिक्षण’ ह्या दोन शब्दांचा अर्थ किती तास, हा खरा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत, आधीच वैद्यक शिकलेल्या आणि सुई केवळ जोडीला वापरू पाहणाऱ्या माणसासाठीही निदान २०० तास सांगितले. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत कोरडी सुई शिकवून मिळालेली प्रमाणपत्रे भिंतीवर टांगलेली असतात. त्यांवर तासांचा आकडा बहुधा छापलेला असतो. टेबलावर पालथे पडण्यापूर्वी तो वाचून घेण्यास कोणाची हरकत नसावी.